साडूची गाडी

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे साडूभाऊ यांस,

स. न. वि. वि.

परवा तुम्ही उभयता येऊन गेलात, घर भरल्यासारखं वाटलं. मात्र गेलात तेही इतके झोकात गेलात की मला ते जरा लागलं. गैरसमज नको. तुम्ही किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली, ना खोकला ना धूर. मी फाटकाशी उभा राहून वळणापर्यंत तिचा आवाज ऐकत होतो. शिलाई मशीन चालावं तसा. मग मी माझी बाहेर काढली. तिने आचके दिले, शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर काळा धूर ओकला आणि बसली गप्प. काकू काय म्हणाल्या ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

आता तुम्हीच सांगा. दोन्ही गाड्या एकाच कचेरीच्या. आप्पांनी एकाच लिलावात घेतल्या, दोन जावयांना दोन. कंपनी एक, वर्ष एक, राखाडी रंगसुद्धा एक. मग तुमची सालस आणि माझी कजाग, हे कसं? मी आप्पांवर आळ घेत नाही, शेवटी सासरे आहेत. पण किल्ल्या वाटताना त्यांनी आधी तुमच्या हातावर ठेवली आणि मग माझ्या, हे मी पाहिलंय. सायकलला दुधाचे कॅन टांगून मी धंद्याला लागलो तेव्हापासून एक शिकलोय: वाटणारा पहिला माल कुणाला देतो तिकडे लक्ष ठेवावं.

थट्टा बाजूला ठेवतो. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. इथली डायलिसिसची चार माणसं आठवड्यातून तीनदा शहरातल्या इस्पितळात न्यायची आणि रक्त धुऊन झालं की घरी आणून सोडायची. तिथे मशीनची वेळ बांधलेली असते. आपण उशिरा पोचलो की तेवढा वेळ त्यांच्या उपचारातून कापला जातो. गेल्या आठवड्यात चढावर गाडीने पुन्हा दगा दिला, तेव्हा इस्पितळाच्या व्यवस्थापकबाईंनी स्पष्टच सांगितलं की असंच चालू राहिलं तर काम दुसऱ्याला देऊ. साडूभाऊ, मी इतकी वर्षं दूध घातलं. लोक दाराशी उभे राहायचे ते दुधासाठी. ही माणसं दाराशी माझ्यासाठी उभी असतात. हे काम गेलं तर मी पुन्हा कॅनवाला.

म्हणून तोंड उघडून मागतो. गाड्या बदलू या. तुमची मला द्या, माझी तुम्ही घ्या. तुमचे प्रवासी कंपनीचे पाहुणे, त्यांना थोडा उशीर झाला तरी ते चहा पीत बसतील. आप्पांना सांगायची गरज नाही.

मेहुणीबाईंना आशीर्वाद. लोभ आहे तो वाढो, ही विनंती.

आपला,
थोरला साडू

ता. ९ फेब्रुवारी

ती. थोरले साडूभाऊ यांस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आमच्या हिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि चादरीपाशी आल्यावर तिला पुढे वाचवेना, इतकी हसली. आप्पांनी किल्ली मला आधी दिली, कारण मी दाराच्या बाजूला बसलो होतो. तुम्ही माझ्या जागी बसला असतात तर तुम्हाला मिळाली असती. पण हे तुम्हाला पटणार नाही, तेव्हा सोडून देतो.

गाड्या बदलायला माझी ना नाही. काम माणसांचं आहे, नाही कसं म्हणू? रविवारी गाडी घेऊन येतो, तुमची घेऊन जातो. कागदांचं नंतर बघू.

एक विचारू का? तुम्ही डिझेल कुठे भरता? माझ्या गाडीचं काही कौतुक नाही, मी तिच्यासाठी काहीच करत नाही. हमरस्त्यावर मालट्रकांची रांग असते तिथेच रांगेत उभा राहतो आणि भरतो, एवढंच. ट्रकवाले शिव्या देतात, गाडी मात्र बंद पडायचं नाव काढत नाही.

ताईंना नमस्कार. आमच्यावर माया असते तशीच राहू द्यावी.

आपला,
धाकटा

ता. २१ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

स. न. वि. वि.

काय गाडी दिलीत हो! चढ असा चढते की मागे बसलेल्या शिंपीकाकांना चढ लागल्याचं कळलंच नाही, ते झोपलेलेच. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई पुढच्या सीटवर बसतात. त्या म्हणाल्या, आता गाडीत बसल्यासारखं वाटतं, आधी इंजिनाची प्रकृती विचारत बसावं लागायचं. व्यवस्थापकबाईसुद्धा घड्याळाकडे बघून हसल्या. काम टिकतंय असं दिसतं.

तुम्ही खरंच काही करत नाही म्हणता, ते मात्र मला पटत नाही. असा कोण आहे जो काहीच करत नाही आणि ज्याची गाडी अशी चालते? काहीतरी युक्ती असणार आणि तुम्ही ती लपवताय. असू दे. गाडी आता माझ्या दारात आहे.

डिझेलचं विचारलंत. त्या बाबतीत तुम्ही माझ्याकडून शिका. आपल्या गावातला पेट्रोल पंप लहान, विक्री बेताची, म्हणून टँकर अधूनमधूनच येतो. टँकर आला की मालक मला निरोप पाठवतो. टँकरचा पाइप जमिनीतल्या टाकीत सुटलेला असतो, तेवढ्यात माझी गाडी पहिली लागते. ताजं डिझेल! धारोष्ण दुधाची सर शिळ्याला येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. ट्रकवाल्यांच्या रांगेत उभं राहून मिळेल ते भरणारे तुम्ही. तरी तुमची गाडी धावायची, हेच तर दुखणं आहे!

माझी ती कजाग कशी आहे? ढकलायला माणूस ठेवलात का?

मेहुणीबाईंना आशीर्वाद. प्रेम आहेच, ते पत्रांतून येऊ द्या.

आपला,
थोरला (सध्या सुखी)

ता. ११ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नवऱ्याला दाखवू नकोस. दाखवशीलच, पण मी सांगितलं एवढं लक्षात ठेव.

गाडी पुन्हा खोकायला लागली गं. ह्यांनी टाकी तुडुंब भरून आणली, त्यानंतर काही दिवसांत सुरू झालं. आधी बारीक, मग झटके, मग तोच धूर. ह्यांचं तोंड बघवत नाही. रस्त्यावरून कुणाचीही गाडी गेली की कान टवकारून ऐकतात आणि म्हणतात, बघ, त्याची कशी चालते. रात्रंदिवस तुमच्या घरचाच हिशोब चाललाय. तुमच्या दारासमोर सावली आहे, आपल्या नाही. तुमच्या नळाला जोर आहे. परवा तर कहर झाला. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर अजून केस आहेत, हाही आता आप्पांचा पक्षपात ठरलाय!

हसू नकोस. सोमवारी गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली. बाकीच्यांना मागून येणाऱ्या बसमध्ये जागा मिळाली, शाळेच्या बाईंना भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवून पाठवावं लागलं. त्या पोचल्या, पण मशीनवरचा त्यांचा वेळ कापला गेला. संध्याकाळी पाय सुजले होते. हे त्यांच्या घरी विचारपूस करायला गेले तर बाई उलट ह्यांनाच समजावत बसल्या, की टेम्पोतून जग उंचावरून दिसतं. घरी आले ते जेवले नाहीत. व्यवस्थापकबाईंनी महिनाअखेरची मुदत दिली आहे.

आणि आता ह्यांच्या डोक्यात भलतंच शिरलंय. ते मी लिहीत नाही. ते स्वतःच लिहितील, कारण सकाळपासून कागद फाडताहेत. आलं पत्र तर तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मनावर घेऊ नका. हा राग तुमच्यावर नाही, नशिबावर आहे. फक्त नशिबाचा पत्ता माहीत नाही म्हणून तुमच्या पत्त्यावर येतोय.

तुझी,
ताई

ता. १२ मार्च

रा. रा. साडू यांस,

नमस्कार.

आडवळणं घेत नाही. गाडी देताना तुम्ही तिच्या इंजिनाचा डिझेल पंप बदलून दिलात, असा माझा समज झाला आहे. चांगला काढून ठेवलात, तो माझ्या जुन्या गाडीला बसवलात, आणि खराब होता तो इकडे पाठवलात. नाहीतर महिनाभरात अशी गाडी बिघडत नाही. माझ्या कानावर आलंय की माझी ती जुनी गाडी तुमच्याकडे आता मांजरीसारखी घुरघुरते. एकाच माणसाच्या हातात दोन्ही गाड्या नीट चालतात आणि दुसऱ्याच्या हातात दोन्ही बिघडतात, ह्याला दैव म्हणायचं की हातचलाखी?

मी शिकलेला नाही, पण बाजारात वाढलोय. मापात मारलेलं मला कळतं.

मेहुणीबाईंना आशीर्वाद. त्यांचा ह्यात काही दोष नाही.

थोरला

ता. १८ मार्च

ती. साडूभाऊ यांस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. ही म्हणाली, उत्तर देऊ नका. मी म्हटलं, दिलं नाही तर त्यांना वाटेल खरंच आहे. म्हणून देतो, आणि थोडक्यात देतो.

मी तुमच्या गाडीचा एकही भाग काढला नाही की बसवला नाही. तुमची गाडी आणली त्या आठवड्यात तिची टाकी रिकामी करून धुतली आणि फिल्टर नवा बसवला. टाकीच्या तळातून पाणी निघालं. चांगलं मगभर. त्याच दिवशी तुम्हाला कळवणार होतो. पण तुमच्याशी काही चांगलं बोलायला गेलं तरी तो दिमाख ठरतो, म्हणून गप्प बसलो. तिथे माझं चुकलं असेल. बाकी कुठेही नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्या इस्पितळाच्या व्यवस्थापकबाईंचं मला पत्र आलंय. माझी गाडी कधी बंद पडत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं. एक तारखेपासून तुमची माणसं मी नेईन का, असं विचारतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला चोरून काही करायचं नाही म्हणून आधी तुम्हाला लिहितो. आता ह्यालाही हातचलाखी म्हणायचं असेल तर म्हणा.

लोभ शिल्लक आहे का, ते तुम्हीच कळवा.

धाकटा

ता. २४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याच्या पत्राने आमच्या घरात काय झालं ते सांगते. व्यवस्थापकबाईंचा मजकूर वाचून हे पायरीवर बसले. मग उठले ते ताडकन. म्हणाले, पाणी म्हणे! माझ्या गाडीत पाणी निघालं म्हणतो! आता दाखवतोच त्याला.

माळ्यावरून दुधाच्या जुन्या काचेच्या बाटल्या काढल्या. धुतल्या, उन्हात वाळवल्या. एका बाटलीत तुमच्याकडून आलेल्या गाडीच्या फिल्टरखालचं डिझेल काढलं. ही तुझ्या नवऱ्याची लबाडी. दुसरी बाटली घेऊन पेट्रोल पंपावर गेले. टँकर आलाच होता. पाइप सुटलेला असताना थेट नळीतून भरून आणली. हा ह्यांचा खरेपणा. दोन्ही खिडकीत ठेवल्या आणि मला बजावलं, हात लावू नकोस. सकाळी दोन्ही बाटल्या पेटीत घालून आप्पांकडे पाठवणार होते, निवाड्याला.

सकाळी मी चहा ठेवला. हे खिडकीशी गेले आणि तिथेच थांबले. चहा उतू गेला तरी वळले नाहीत. मी जाऊन बघते तर तुझ्या नवऱ्याच्या बाटलीत तळाला बोटभर पाणी. आणि ह्यांच्या ताज्या बाटलीत त्याच्याहून जास्त! खाली गढूळ पाणी, त्याखाली गंजाचा गाळ, वर डिझेल, मधे रेघ ओढल्यासारखी.

अगं, तो जमिनीतला हौद जुना. वरचं झाकण रस्त्याच्या पातळीला, त्यातून पाणी झिरपतं आणि विक्री नाही म्हणून तळाशी साचून राहतं. टँकरचं डिझेल धो धो पडलं की तळाचं सगळं ढवळून वर येतं. आणि नेमकं तेव्हा पहिला नंबर कुणाचा? तुझ्या मेव्हण्यांचा!

मी उतू गेलेला चहा पुसायला वळले. हेच म्हणाले, दुधात पाणी घातलं तर ते दुधात मिसळून जातं, ओळखायला जन्म जातो. हे बिचारं डिझेल वेगळं राहून सांगत होतं, आणि मी एवढा दूधवाला असून एकदाही बाटलीत धरून पाहिलं नाही. मग ती बाटली घेऊन पंपमालकाकडे गेले. तो आधी टँकरवाल्यावर ढकलायला लागला. ह्यांनी त्याच्यासमोर बाटली ठेवली आणि बसून राहिले, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायला लागलं. शेवटी त्याने हौद रिकामा करून घ्यायचं कबूल केलं.

गाडीच्या इंजिनाचा पंप आतून गंजलाय. वर्कशॉपात नेलीये, बरेच दिवस लागतील. म्हणजे एक तारीख हातून गेली. हे तुमच्या घरी पत्र लिहिणार आहेत. त्यात माफी शोधू नका, सापडायची नाही. पण असेल.

तुझी,
ताई

ता. २५ मार्च

प्रिय धाकटे साडूभाऊ यांस,

स. न. वि. वि.

बाटल्यांचा काही प्रयोग मी केला होता, तो अजून विचाराधीन आहे. मात्र इंजिनाच्या पंपाबद्दल मी जे लिहिलं होतं ते पान फाडून टाकावं. कागद बरा नव्हता.

व्यवस्थापकबाईंना हो म्हणून कळवा. हे लिहायला मला सकाळपासून आत्तापर्यंत लागलं, तेव्हा दोनदा लिहायला लावू नका. तुम्ही काम घेतलं नाहीत तर त्या कुणा परक्याला देतील आणि त्याला काय माहीत कोण कसं बसतं. गावात मुक्कामाला आमच्याकडेच राहा. डिझेल मात्र तुमच्या ट्रकवाल्यांच्या रांगेतून भरून आणत जा. हौद साफ होईपर्यंत इथे थेंब भरू नका.

आता नीट वाचा. शाळेच्या बाईंना पुढची सीट. जाताना त्या वर्तमानपत्र वाचून दाखवतात, तेव्हा हूं म्हणायचं, नुसती मान हलवली तर त्यांना राग येतो. शिंपीकाकांची मान खिडकीकडे कलते, काचेला चादरीची घडी लावा. पाट्या रंगवणारा तरुण आहे, त्याचा डावा हात सुईचा, त्याला दाराच्या बाजूला डावा हात येईल असं बसवू नका. चौथे पोस्टातले गृहस्थ. ते सारखं पाणी मागतात आणि द्यायचं नसतं. त्यांना हो हो म्हणून विषय बदला, त्यांच्या जुन्या बटवड्याचं विचारा. येताना कुणाच्या अंगात काही नसतं. ब्रेक असा लावा की लावलेला कळू नये. आणि पुलाच्या अलीकडे बाई डोळे मिटतात. तेव्हा बोलू नका.

हे सगळं तुम्हाला जमेलच. तुमच्या हाताला यश आहे, असं आप्पा म्हणतातच. मी कशाला म्हणू?

घरी येण्याची वाट पाहतो. मनात काही असलं तर येताना घेऊन या, इथे उतरवून ठेवू.

आपला,
थोरला

ता. २० एप्रिल

ती. थोरले साडूभाऊ यांस,

सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी तुमच्याकडून परत आलो, आणि समोर बोलता आलं नाही ते लिहायला बसलो.

एवढे दिवस मी तुमची माणसं नेली. गाडी एकदाही बंद पडली नाही. एकदाही उशीर झाला नाही. तरी माझ्यावर कुणी खूश नाही! ब्रेक लावला की मागून शिंपीकाका म्हणायचे, ते ह्या खड्ड्याला डावीकडून घेतात. मी डावीकडून घेतला की म्हणायचे, इतकं डावीकडून नाही. पोस्टवाल्यांना मी बटवड्याचं विचारलं तर ते म्हणाले, हे तुम्हाला त्यांनी सांगितलेलं दिसतंय, आणि पाणी मागायला लागले. पाट्या रंगवणाऱ्याने तुमच्या गाडीवर लावायला पाटी रंगवून ठेवली आहे, मला दाखवतसुद्धा नाही. मी वेळेवर पोचवणारा माणूस. घड्याळाला जेवढं प्रेम मिळतं तेवढं मला मिळालं.

साडूभाऊ, आप्पांनी दिलेली किल्ली, चांगली गाडी, हे सगळं मला मिळालं असेल. पण माझ्या कंपनीच्या पाहुण्यांपैकी एकालाही माझा चेहरा आठवत नाही. पुलाच्या अलीकडे बाईंनी डोळे मिटले, तेव्हा मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प होतो. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, आम्ही थांबलोय. त्या क्षणी मला तुमचा असा हेवा वाटला की पूल कधी संपला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही हे दुखणं इतकी वर्षं कसं सोसलंत कोण जाणे.

शुक्रवारी व्यवस्थापकबाईंनी मला बोलावून कायमचं काम देऊ केलं. मी उत्तर द्यायच्या आत शाळेच्या बाई त्यांच्या खोलीत शिरल्या, मागोमाग तिघे. सुई काढलेल्या हातावर कापूस धरून चौघे उभे. म्हणाले, आमचा माणूस परत द्या, वाटलं तर आम्ही घरून लवकर निघू. व्यवस्थापकबाईंनी एकच अट घातली आहे: यापुढे डिझेल शहरात, इस्पितळाच्या रुग्णवाहिका भरतात तिथेच भरायचं. मी तुमच्या वतीने हो म्हणून आलोय. गाडी वर्कशॉपातून मिळाली की सोमवारपासून काम तुमचं.

ताईंना नमस्कार. माझ्याविषयी मनात थोडी जागा असावी, केसांचा राग सोडून.

आपला,
धाकटा

ता. ३० एप्रिल

प्रिय धाकटे साडूभाऊ यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. सोमवारी नेलं, वेळेत आणलं, ब्रेक कुणाला कळला नाही. पाटी लावली आहे.

तुमचं पत्र तुमच्या ताईने वाचून दाखवलं. मला वाचता येतं, पण हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात गोडी आहे. पुन्हा वाच म्हटलं तर म्हणाली, हात कामात आहेत. म्हणून मी ते पंपमालकाकडून एकदा वाचून घेतलं, आणि शेजारच्या काकूंकडून एकदा. त्यातला पुलाचा भाग तुम्ही फारच घाईत लिहिला आहे. हेवा वाटला म्हणजे नेमकं कुठे वाटलं, छातीत की पोटात, आणि पूल ओलांडल्यावर कमी झाला की वाढला, ह्याचा काहीच उल्लेख नाही. तेवढा मजकूर पुन्हा एकदा, जरा सविस्तर लिहून पाठवावा. पान पुरलं नाही तर दोन घ्या.

लोभ असावा, आणि जमेल तितका हेवाही.

आपला,
थोरला साडू